रोजच्या खिशातले पेन

इटलीतील पादुआ येथे वैद्यकाचे अध्यापन करणाऱ्या बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या व्यवसायजन्य विकारांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्याची पहिली आवृत्ती १७०० साली निघाली. पुढे १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक व कारकून यांच्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण घातले. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला होणाऱ्या त्रासाची तीन कारणे त्यांनी दिली आहेत : एका जागी बसून राहणे, हाताची एकाच दिशेने चालणारी अखंड हालचाल आणि वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहायला शिकलेल्या, आणि काही काळाने तोही हात गमावून बसलेल्या एका लेखनिकाची हकीकतही त्यात आढळते.

रामाझिनींच्या काळी पिसाची लेखणी होती, आपल्याकडे बोरू होता. आज हातात बॉलपेन आहे, आणि दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी पुष्कळशा त्याच आहेत. स्पर्धा-परीक्षेची तयारी करणारे तरुण अंगठ्याच्या मुळाशी होणारी कळ घेऊन येतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षिका, तलाठी कार्यालयातील लेखनिक, हिशेबाची वही अजूनही हातानेच लिहिणारे दुकानदार मनगट चोळत बसतात. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी त्यांच्या खिशातले पेन मागून घेतो. बहुधा ते बारीक, गुळगुळीत आणि कोठेतरी फुकट मिळालेले असते.

पेनाची जाडी हा वरवर क्षुल्लक वाटणारा मुद्दा आहे. परंतु सात-आठ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कांडी घट्ट धरण्यासाठी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीला जो जोर लावावा लागतो, तो दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या, किंचित खरखरीत पकडीच्या पेनाला लागत नाही. चिमटीचा हा जोर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या लहान स्नायूंवर पडतो. संधिवाताने बोटांचे सांधे सुजलेल्या व्यक्तीला तर पकडीवर रबराची नळी चढवलेले जाड पेन दिले, की त्याच दिवशी फरक जाणवतो. अशा सुट्या नळ्या शालोपयोगी वस्तूंच्या दुकानात मिळतात. वजनाचे मात्र तारतम्य हवे. साधे प्लास्टिकचे पेन पाच-दहा ग्रॅमचे असते, पितळी अंगाचे वीस-तीस ग्रॅमपर्यंत जाते. जड पेन सही करताना रुबाबदार वाटते, पण चार पाने लिहावयाची असतील तर ते मनगटाला आणि खिशाच्या शिवणीला सारखेच नकोसे होते. त्यातही टोकापेक्षा मागचा भाग जड असेल, तर ते हातात सतत मागे कलंडते आणि बोटे ते सावरत राहतात.

जाडीइतकेच महत्त्व शाईला आहे. बॉलपेनचे श्रेय ज्यांना दिले जाते ते लास्लो बिरो हे मूळचे हंगेरीतील पत्रकार. छापखान्याची शाई लवकर वाळते आणि फासत नाही, हे पाहून त्यांनी दाट शाई कागदावर उतरवण्यासाठी टोकाशी फिरती गोळी बसवली व १९३८ साली पेटंट घेतले. ही शाई तेलकट व घट्ट असते. गोळी फिरून ती खाली येण्यासाठी पेन जरा उभे धरावे लागते आणि दाबावे लागते. हा दाब दिवसभर साठत जातो. फाउंटन पेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते, ती निबेच्या चिरेतून आपोआप उतरते, त्यामुळे हात हलका राहतो. जेल पेन या दोहोंच्या मधले : शाई पाण्यातली, पण घट्टसर, गोळी फिरताच पातळ होणारी. हात दुखणाऱ्यांना मी घरच्या लेखनासाठी फाउंटन पेन किंवा जेल पेन सुचवतो. खिशात बाळगण्याचा प्रश्न आला, की उत्तर बदलते.

खिसा ही पेनाच्या दृष्टीने कठीण जागा आहे. तेथे शरीराची ऊब असते, घाम असतो, वाकणे-उठणे असते. फाउंटन पेनाच्या टाकीत अर्धी शाई व अर्धी हवा असेल, तर उबेने हवा प्रसरण पावते आणि शाईला निबेकडे ढकलते. वैशाखात पांढऱ्या सदऱ्यावर उमटणाऱ्या निळ्या वर्तुळाचे कारण हेच. निब वर ठेवावी आणि टाकी शक्यतो भरलेली असावी, म्हणजे हा प्रसंग टळतो. जेल पेन टोपण न लावता राहिले, तर टोकाशी वाळते. पुष्कळ लिहिणाऱ्यास त्याची रिफीलही लवकर संपते. तेलकट शाईचे बॉलपेन या बाबतीत सर्वांत सोशिक आहे. ते महिनोन्‌महिने पडून राहिले तरी बहुधा दोन रेघांत चालू लागते. त्याला एकच गोष्ट मानवत नाही. टोक वर करून, म्हणजे भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवर किंवा अंथरुणात उताणे पडून लिहिले, की शाई गोळीपासून दूर सरते आणि अक्षरे तुटू लागतात. अंतराळवीरांसाठी म्हणून प्रसिद्ध झालेल्या फिशर कंपनीच्या पेनात दाबाखालील नायट्रोजन भरलेली बंद रिफील असते, ती शाईला मागून रेटते. १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत ते पेन नेले होते. गिर्यारोहक वा विजेच्या खांबावर चढणारा कर्मचारी यांना त्याचा उपयोग होईल. तुम्हा-आम्हाला खांबावर चढावयाचे नसल्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

शाई पाण्यात टिकते का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले. त्यानंतरचे कित्येक आठवडे माझे रुग्ण वाळत घातलेल्या फायली घेऊन येत होते. ज्या कागदांवर बॉलपेनने लिहिले होते, तेथील औषधांची नावे व मात्रा वाचता येत होत्या. धुवून जाणाऱ्या निळ्या शाईने लिहिलेल्या पानांवर केवळ आकाशी ढग उरले होते. एका मधुमेही बाईंच्या वहीत चार वर्षांच्या साखरेच्या नोंदी होत्या. त्या त्यांनी नातवाच्या जेल पेनने केल्या होत्या, आणि त्यातले एकही अक्षर लागत नव्हते. सर्वच जेल शाया अशा नसतात. ज्यांत रंगाचे न विरघळणारे कण असतात त्या पाण्याला दाद देत नाहीत, ज्यांत विरघळणारा रंग असतो त्या वाहतात. वेष्टनावरून हे कळतेच असे नाही. म्हणून नवीन पेनाने कागदावर दोन ओळी लिहाव्या, त्या तासभर वाळू द्याव्या आणि त्यावर पाण्याचे बोट फिरवावे. लसीकरणाचे पत्रक, रक्तदाबाची वही, मुदत ठेवीचा अर्ज यांसाठी कोणते पेन वापरायचे, याचा निर्णय तेवढ्या प्रयोगाने होतो. (जाता जाता : हृदयालेखाचा चकचकीत कागद उष्णतेने छापणारा असतो. त्यावरील आलेख काही वर्षांत आपोआप फिका पडतो. त्यावर काय लिहिले आहे याची चिंता करण्यापूर्वी त्याची छायाप्रत काढून ठेवावी.)

आमच्या व्यवसायालाही हे बंधन आहे. औषधांची जातिनामे सुवाच्य, आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ साली झाली. डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद करणाऱ्यांचा मला राग येत नाही. परंतु वाईट अक्षरातला बराच वाटा पेनाचा असतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. अडखळणाऱ्या गोळीमुळे दशांश चिन्हाचा ठिपका उमटला नाही, तर अर्ध्याच्या जागी पाच होतात. औषधाची चिठ्ठी हाती आल्यावर आकडे नीट उमटले आहेत का हे दवाखान्यातच पाहावे आणि शंका असेल तर तेथेच विचारावे. यात संकोच नको.

आता टोपणाविषयी, कारण या लेखाचे प्रयोजन खरे तर तेच आहे.

शाळकरी मुले विचार करताना पेनाचे टोपण दातांत धरतात, काही जण त्यातून शिटी वाजवतात. शिटीसाठी आधी श्वास आत घ्यावा लागतो, आणि त्याच श्वासाबरोबर टोपण किंवा पेनाच्या शेपटाशी बसवलेले बारीक बूच श्वासनलिकेत जाते. पाश्चात्त्य देशांत अशा मृत्यूंनंतर टोपणासाठी मानके आली. आयएसओ ११५४० या मानकानुसार मुलांच्या वापरातील पेनाचे टोपण एक तर घशात न जाण्याइतके मोठे असावे किंवा त्यातून हवा जाण्याची वाट असावी. टोपणाच्या माथ्यावर दिसणारे भोक त्यासाठी असते. ते पेन सुकू नये म्हणून आहे, असा एक समज आढळतो. त्याला आधार नाही. मुलासाठी पेन घेताना हे भोक पाहून घ्यावे. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर टोपणाचे पेन खाली पडू देऊ नये.

टोपण घशात अडकल्यास मूल जोराने खोकत असेल तोवर त्याला खोकू द्यावे, पाठीत घालू नये. खोकला बंद झाला, आवाज फुटेना, चेहरा निळसर दिसू लागला, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके द्यावे. उपयोग न झाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने पाच वेळा आत व वरच्या दिशेने हिसका द्यावा आणि हे दोन्ही आलटून-पालटून चालू ठेवावे. तान्ह्या बाळाच्या पोटावर दाब देऊ नये, त्याला पालथे धरून फटके व नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर दाब द्यावा. दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन करावा. घशात बोट घालून आंधळेपणाने शोधू नये, वस्तू आणखी खाली जाते.

याहून फसवा प्रकार म्हणजे टोपण श्वासनलिकेतून खाली एका फुप्फुसात उतरते आणि मूल क्षणभर ठसकून पुन्हा खेळायला लागते. रागावतील या भीतीने ते काही सांगत नाही. मग आठवडे चालणारा खोकला, छातीच्या एकाच बाजूला सूं सूं आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. प्लास्टिक क्ष-किरणांत दिसत नाही. त्यामुळे छातीचे चित्र स्वच्छ आले म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अशा वेळी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. दमा समजून वाफारे देत बसण्यापूर्वी दप्तर उघडून बिनटोपणाचे पेन आहे का ते पाहावे. आईवडिलांना हे सांगितले, की ते प्रथम हसतात.

तोंडात पेन धरून धावणे याहून घातक. पडल्यास टोक टाळूच्या मागे घुसते, आणि तेथून मोठी रक्तवाहिनी फार दूर नसते. शाई गिळल्याची मात्र इतकी धास्ती घेऊ नये. पेनातली थोडी शाई पोटात गेल्याने सहसा काही होत नाही. तोंड धुवावे, जीभ दोन दिवस निळी राहील. मोठ्यांनाही एक सांगणे आहे. पेनाच्या टोपणाने अथवा रिकाम्या रिफीलने कान कोरणारे गृहस्थ मला आठवड्याला भेटतात. मळ आत ढकलला जातो, आणि धक्का बसला तर पडदा फाटतो.

तेव्हा खटक्याचे पेन बरे. दुकानात गेल्यावर खटका वीस-पंचवीस वेळा दाबून पाहावा, आटे उघडून ते धातूचे आहेत की प्लास्टिकचे हे पाहावे, क्लिप जाड कापडावर लावून ओढावी. पेन बहुधा या तीन ठिकाणीच मोडते. खोटे दागिने घातल्यावर कानाला खाज सुटणाऱ्यांनी निकेलचा मुलामा असलेले पेन टाळावे, बोटांवर तसेच चट्टे येतात. हातावर सॅनिटायझर चोळण्याची सवय असेल, तर पोलादी वा पितळी अंग टिकते. पारदर्शक ॲक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात. टोकाची गोळी ०.७ मिलिमीटरची असावी. रंग काळा किंवा गडद निळा असावा, म्हणजे छायाप्रतीत अक्षर उतरते. आणि रिफील आपल्या गावच्या दुकानात मिळणारी हवी. धातूच्या पेनांत चालणारी ९८ मिलिमीटर लांबीची ‘पार्कर पद्धतीची’ रिफील अनेक कंपन्या करतात. परदेशातून आलेले भेटीचे सुंदर पेन रिफील न मिळाल्याने कपाटात पडून असल्याचे घरोघर दिसते.

घरातील ज्येष्ठांचे पेन मात्र घाईने बदलू नये. जुन्या सवयीच्या पेनाने लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जाणे, हे कंपवाताचे एक सुरुवातीचे लक्षण असू शकते, आणि हात कापू लागण्याच्या आधीही ते दिसू शकते. नवे पेन हाती दिले, की दोष पेनावर जातो आणि ते नजरेआड होते. सही जुळत नाही म्हणून बँकेने वडिलांचा धनादेश परत केला असेल, तर त्यांच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सह्या काढून शेजारी ठेवाव्या. आकार लहान होत गेलेला दिसला, तर ते सारे कागद घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, आणि तपासणीच्या वेळी त्यांच्याच पेनाने चार ओळी लिहायला सांगावे.