हस्तर परवडला, पण ती खोली...

प्रत्येक ग्रूपमध्ये एक शूरवीर असतोच. तिकिटं काढतानाच तो जाहीर करून टाकतो, 'मला नाही बुवा असल्या सिनेमांची भीती वाटत!' आमच्या टीममधला शूरवीर सोलापूरचा आहे, सहा फुटी आहे, जिमला जातो. 'तुंबाड' सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील, तर त्यानं माझ्या हातातला पॉपकॉर्नचा टब काढून घेतला आणि छातीशी कवटाळून बसला. इंटरव्हलपर्यंत सोडलाच नाही. मला पॉपकॉर्न मिळाले नाहीत ते नाहीतच, वर बाहेर आल्यावर म्हणतो कसा, 'एसी जाम होता ना?'

तर मंडळी, हा किस्सा सप्टेंबर २०२४ चा. १२ ऑक्टोबर २०१८ ला आलेला 'तुंबाड' १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरात लागला. पहिल्या वेळी ज्यांनी तो लॅपटॉपवर, हेडफोन लावून, मधे मधे मेल चेक करत बघितला (म्हणजे आम्ही सगळेच!), त्यांच्यासाठी ही दुसरी संधी होती. आणि गंमत बघा, नव्यानं लागला तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला. शनिवारचा रात्रीचा शो, कोथरूडचं थिएटर, बाहेर गणपतीचे दिवस. एवढी गर्दी, एवढं लायटिंग असताना कोण घाबरतंय?

माझं हॉररशी नातं तसं जुनं. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूनं आमच्या पिढीची बाहुल्यांवरची श्रद्धा कायमची उडवली. मग रामगोपाल वर्माचा २००३ चा 'भूत' आला. हवेली नाही, वटवाघळं नाहीत, साधा मुंबईतला फ्लॅट! त्यानंतर कित्येक महिने मी लिफ्टमध्ये एकटी शिरले नाही, चार मजले जिन्यानं चढायचे. २०१७ चा 'लपाछपी' बघितल्यापासून उसाच्या फडाकडे बघायची दृष्टीच बदलली. पण हे सगळे सिनेमे माझ्यापुरते आठ-पंधरा दिवसांचे पाहुणे होते. दचकायचं, ओरडायचं, हसायचं, सोमवारी ऑफिसात किस्से सांगायचे, संपलं.

'तुंबाड' दचकवत नाही फारसा. तो मुरतो. लोणच्यासारखा.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (सिनेमा येऊन इतकी वर्षं झाली, आता स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) पूर्तीच्या देवीचं पहिलं लेकरू हस्तर. त्याला सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याला हात घालताना बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं वाचवलं, पण एका अटीवर : त्याची पूजा कुणी करायची नाही, त्याची आठवण कुणी ठेवायची नाही. तुंबाड गावातल्या एका घराण्याला मात्र राहवत नाही. ते त्याचं देऊळ बांधतात, आणि तेव्हापासून गावावरचा पाऊस थांबत नाही. १९१८ सालापासून गोष्ट सुरू होते. विनायक नावाचा पोरगा, त्याचा भाऊ, त्यांची आई, आणि घरातल्या एका खोलीत साखळदंडानं बांधून ठेवलेली एक म्हातारी. तिला वेळेवर भरवावं लागतं. ती जागी झालीच तर हस्तरचं नाव घ्यायचं, की ती झोपते.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे याच्या डोक्यात हे भूत शिरलं ते नारायण धारपांच्या एका गोष्टीमुळे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं ती गोष्ट त्याला सांगितली. जंगल, रात्र आणि धारप... फुल कॉम्बो! धारप (१९२५-२००८) आपल्या पुण्याचे. आमच्या बाबांच्या पिढीनं लायब्ररीतून त्यांची पुस्तकं आणून पांघरुणात वाचली. त्यांच्या 'आजी' या कथेत अशीच एक भयंकर म्हातारी आणि तिच्याजवळ एकटा राहिलेला मुलगा आहे, आणि त्या कथेचं मूळ पुन्हा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'त. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. शूटिंग २०१२ ला सुरू झालं. खरा पाऊस हवा म्हणून चार पावसाळे घेतले म्हणे. आपल्याकडे दोन महिन्यांची डेडलाइन चुकली तर बॉस एस्कलेशन मेल टाकतो, इथे माणसं ढगांची वाट बघत बसली होती!

आणि तो पाऊस पडद्यावर दिसतो हो. लॅपटॉपवर नाही कळत. थिएटरात तो चारी बाजूंनी अंगावर येतो, भिंती ओल्या वाटायला लागतात. मधेच मी माझ्या ओढणीला हात लावून बघितला, कोरडी आहे ना. हस्तर येतो तेव्हा लोक किंचाळले. मी पण किंचाळले. लाल, चिकट, भुकेला असा तो कणकेच्या बाहुलीवर झेप घेतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका काकूंनी चक्क 'राम राम राम' सुरू केलं. पण खरं सांगू? हस्तर माझ्याबरोबर घरी आला नाही. पार्किंगपर्यंतच आला असेल. घरी आली ती म्हातारी. आणि विनायकची आई. केशवपन केलेली, लाल आलवणातली, अर्धं आयुष्य एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर त्या सरकारची सेवा करत काढलेली बाई. तिला राक्षस-बिक्षस कुणी भेटत नाही सिनेमात. तिला नुसतं आयुष्य भेटतं.

पावणेबाराला शो सुटला. शूरवीर कॅब करून निघून गेला. ('उद्या लवकर उठायचंय.' रविवारी?) माझी स्कूटर, रिमझिम, कर्वे पुतळा, डहाणूकर, वनदेवी. मंडळांची लायटिंग चालूच होती, एका मंडपात रात्रपाळीची पोरं पत्ते कुटत बसली होती. त्यांना बघून इतकं बरं वाटलं की थांबून दर्शन घेतलं. पोरं म्हणाली, 'ताई, एवढ्या रात्री?' प्रसादाचे फुटाणे दिले. तिथून आमची सोसायटी कमिन्स कॉलेजच्या रस्त्याला, जेमतेम पाच मिनिटं. जिन्यातला दिवा गेलेला. अर्थातच. असल्या रात्रीच जातो.

लॅच उघडलं. हॉलमध्ये अंधार. आणि खिडकीपाशी, खुर्चीत, पांढरे केस मोकळे सोडलेलं कुणीतरी बसलेलं.

माझ्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. आई-बाबा लातूरला लग्नाला गेले होते म्हणून बरं, नाहीतर त्यांना त्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

'अगं, ओरडतेस काय? जेवलीस का?' अंधारातून प्रश्न आला.

आजी! वय ८२. झोप येत नव्हती म्हणून बसलेली. दिवा का नाही लावलास, तर म्हणे डासं येतात.

मग काय, मी सगळे दिवे लावले, बाथरूमचासुद्धा, आणि तिच्या पलंगावर तिला चिकटून पडले. मोबाइलवर म्हातारीचं काम कुणी केलंय ते शोधलं, कारण माझा अनुभव आहे, मेकअपमागचा चेहरा कळला की भीती उतरते. ती म्हातारी चक्क एका पोरसवदा नटानं केलीय! मोहम्मद समद. विनायकच्या मुलाचं, पांडुरंगाचं कामही त्याचंच. मी आजीला ते दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, 'आणि ही कोण? आलवणातली?'

मी गोष्ट सांगितली. अर्धवटच, कारण तिला हस्तरमध्ये काडीचा इंटरेस्ट नव्हता.

'आमच्या वाईच्या घरात होत्या अशा. आत्याबाई.'

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आजी लग्न होऊन १९६१ साली वाईच्या वाड्यात आली, एवढं माहीत होतं. आजेसासऱ्यांची बहीण असलेल्या या आत्याबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. माजघरामागची एक खोली त्यांची. खिडकी नसलेली. न्हावी मागच्या दारानं यायचा. सणावाराला, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला त्यांनी समोर यायचं नाही, पण शंभर पानांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा.

'आणि मुलं झोपली नाहीत ना, की म्हणायचे, आत्याबाईंच्या खोलीत कोंडीन हं! की चिडीचूप. तुझे बाबा तर खोलीवरून जाताना पळत जायचे.'

'आणि त्या?'

'त्या काय करणार? आतून ऐकायच्या.'

आजी कूस बदलून पाचव्या मिनिटाला घोरायला लागली. मी टक्क जागी. घराघरातल्या लेकरांना झोपवायला एक नाव लागतं. सिनेमात हस्तरचं. आमच्याकडे एका जिवंत बाईचं, जी त्याच छपराखाली पोळ्या लाटत होती.

आणि मग रात्री दोन वाजता मी गणित करत बसले. (इंजिनिअरला दुसरं काय येतं?) १९६१ मध्ये सत्तर, म्हणजे जन्म १८९१ च्या आसपास. अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा १९०२ वगैरे. आता माझ्या खिडकीतून जे दिसतं ते बघा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो अशाच मुलींसाठी. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला आला. म्हणजे इथे, आमच्या कर्वेनगरात! तेव्हा इथे माळ आणि एक झोपडी. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला इथून पायी जायचे. रोज. मी नळस्टॉपच्या ट्रॅफिकला शिव्या घालत स्कूटरवरून जाते तोच इलाखा. त्यांनी स्वतः १८९३ मध्ये एका विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केलं आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. आणि १९१८ मध्ये काय केलं त्यांनी? इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या! लोकांच्या घरची कामं करून तिथे राहिल्या.

१९१८. सिनेमाच्या पडद्यावर अक्षरं उमटतात तेच साल. तिकडे गोष्टीतली बाई तुंबाडच्या पावसात एका नाण्यासाठी थांबलेली, इकडे हिंगण्याची एक बाई बोटीत बसलेली, आणि वाईत आमच्या आत्याबाई, वय सत्तावीस, बिनखिडकीच्या खोलीत. वाई ते कर्वेनगर आज दोन-सव्वादोन तासांचा रस्ता आहे. खेड शिवापूरच्या टोलला गर्दी नसेल तर कमीच. तेव्हा किती लागत असेल? बैलगाडी, मग पुढे काय? आणि त्या घरात कुणी हिंगण्याचं नाव काढलं असेल का? एकदा तरी? वाईसारख्या गावात पेपर येतच असणार. कुणीतरी वाचून घडी घालून ठेवला असणार.

मला खरी भीती वाटली ती तेव्हा. किंचाळायची नाही. पोटात गोळा येतो ती.

सकाळी आजीला विचारलं, 'आत्याबाईंचं नाव काय गं?'

'आत्याबाई.'

'अगं, खरं नाव. पाळण्यातलं.'

आजी कांदा चिरायची थांबली. आठवेना. बाबांना फोन लावला, त्यांनाही माहीत नाही. वाईच्या चुलतकाकांकडे वंशावळ आहे, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली. त्यांनी तिचा फोटो पाठवला. नऊ पिढ्या, सगळे पुरुष. काका म्हणाले, जुने बाड आहे ट्रंकेत, दिवाळीत ये, बघू. मी सुट्टी टाकली आहे. बॉसला कारण 'फॅमिली मॅटर' दिलंय, तो उगाच काळजीत.

सोमवारी ऑफिसात शूरवीर सगळ्यांना सांगत होता की सिनेमा ठीक होता, भीती अशी काही वाटली नाही.

आजीनं मात्र पुढच्या रविवारी हट्टच धरला, मला तो सिनेमा दाखव. मी म्हटलं, झेपणार नाही तुला. ऐकेना. दुपारी टीव्हीवर लावून दिला. मी उशी घेऊन बसले, ती पाय वर घेऊन, मांडीत शेंगांची पाटी. म्हातारीची खोली आली. साखळदंड खणखणले, ती अंधारातून घशातल्या घशात गुरगुरली, मी उशीत तोंड खुपसलं. शेजारून शेंगा फोडल्याचा आवाज तसाच चालू.

'वेळेवर जेवायला घाला की तिला,' आजी टीव्हीकडे बघत म्हणाली, 'कशाला ओरडेल मग?'