एकशे पस्तीस लिटरचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या स्थानकात पाण्याची रेल्वे येऊन थांबली. मिरजेहून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर धावून आलेल्या या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराला पाणी देणारे मांजरा धरण तळ गाठून बसले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनाने मार्चमध्येच जमावबंदी लावली होती. ‘जलदूत’ नावाची ही गाडी पुढे पावसाळा स्थिरावेपर्यंत धावत राहिली, आणि दहाऐवजी पन्नास टाक्या घेऊन पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली.

पाच लाख लिटर हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. भागाकार केला तर पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटरच्या जवळपास पाणी आले. पन्नास टाक्यांच्या गाडीतून साडेसहा लिटर. शहरातला माणूस एरवी जेवढे पाणी वापरतो असे गृहीत धरले जाते, त्या मापाने मोजले तर ती पन्नास टाक्यांची अख्खी गाडी साडेअठरा हजार माणसांना एका दिवसापुरती पुरली असती.

ते माप म्हणजे माणशी रोज १३५ लिटर. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठा योजना आखताना भारतात हाच आकडा धरला जातो. भारतीय मानक संस्थेने त्याची फोडही करून दिली आहे: पिण्यासाठी ५ लिटर, स्वयंपाकासाठी ५, आंघोळीसाठी ५५, कपडे धुण्यासाठी २०, भांड्यांसाठी १०, घर पुसण्यासाठी १० आणि संडासात फ्लशसाठी ३०. या यादीकडे थोडा वेळ थांबून पाहायला हवे. पोटात जाणारे पाणी फक्त दहा लिटर. त्याच्या तिप्पट संडासातून वाहून जाते, आणि तेही तुरटीने निवळलेले, वाळूच्या थरांतून गाळलेले, क्लोरीन टाकून निर्जंतुक केलेले, पिण्याच्याच लायकीचे पाणी. घरात येणारा नळ एकच असल्याने मोरीसाठी वेगळे आणि माठासाठी वेगळे पाणी, अशी निवड करायला बहुतेक घरांना वावच नसतो.

घरगुती पाण्याच्या नासाडीचा विषय निघाला की दोष माणसांच्या सवयींवर जातो. दात घासताना नळ चालू ठेवणारा मुलगा, अंगणात पाइप लावून गाडी धुणारा शेजारी डोळ्यांपुढे येतात. त्यात तथ्य आहेच. पण लिटर मोजायला बसले की लक्षात येते, पाण्याचा मोठा हिस्सा सवयीपेक्षा रचनेमुळे जातो. फ्लशची टाकी केवढी आहे, पाणी किती वाजता येते, गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत पाइप किती लांब आहे, या गोष्टी एकदा ठरल्या की घरातले सगळे कितीही जपून वागले तरी तेवढे पाणी जातेच.

फ्लशची टाकी हे त्याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. जुन्या टाक्या एका दाबात दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडत. लघवीनंतरही तेवढेच, शौचानंतरही तेवढेच. ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा या कंपनीचे ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये दोन बटणांची टाकी तयार केली. एका बटणाला ११ लिटर, दुसऱ्याला साडेपाच. पुढचे काम मात्र टाकीपेक्षा भांड्याच्या आकारावर झाले. कमी पाण्यात मैला पुढे ढकलायचा तर भांड्याचा उतार आणि वळण बदलावे लागते, नाहीतर लोक दोनदा बटण दाबतात आणि बचत तिथेच संपते. भांड्याचा घाट सुधारत गेला तसे माप ९ आणि साडेचार, मग ६ आणि ३ लिटरवर आले.

चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होतो असे धरू. दहा लिटरच्या टाकीतून २०० लिटर जातात. दोन बटणांच्या टाकीतून चार मोठे आणि सोळा लहान दाब मिळून ७२ लिटर. वाचलेले १२८ लिटर म्हणजे जवळजवळ एका माणसाचे दिवसाचे पूर्ण माप, आणि त्यासाठी कोणालाही कसलीच आठवण ठेवावी लागत नाही. नवी टाकी बसवणे परवडत नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली, घट्ट बूच लावलेली एक लिटरची बाटली उभी करून ठेवावी. बाटलीने जेवढी जागा व्यापली तेवढे पाणी दर वेळी कमी भरते. बाटली आतल्या तरंगत्या गोळ्याला अडकणार नाही एवढे पाहायचे. आपल्याकडचा बसायचा संडास आणि बादली-तांब्या हा जोड तर याहूनही काटकसरी आहे. योग्य उताराचे भांडे असेल तर दीड-दोन लिटरांत काम होते. नव्या इमारतींतून तो झपाट्याने हद्दपार होतो आहे, आणि पाण्याच्या दृष्टीने हे नुकसानच आहे.

आता दुसरी रचना: पाण्याची वेळ. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास येते; कुठे एक दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. मग घरात पिंपे, हंडे, कळश्या, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. आणि नवे पाणी आले की कालचे उरलेले पाणी शिळे म्हणून मोरीत ओतले जाते. ज्या घरात पाण्यासाठी पहाटे चारला उठावे लागते, त्याच घरात रोज दोन-तीन हंडे शुद्ध पाणी असे सांडते. यात बेपर्वाई नाही. घरच्यांना कालच्या पाण्याचा भरवसा वाटत नाही, एवढेच.

पाणी खरेच एका रात्रीत शिळे होते का? नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असावा, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. उघड्या भांड्यात हा क्लोरीन काही तासांत उडून जातो. पण क्लोरीन गेला म्हणजे पाणी दूषित झाले असे नाही. नवे जंतू आत शिरले तर त्यांना मारायला काही उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जंतू शिरतात ते मुख्यतः हातातून आणि बुडवलेल्या पेल्यातून. झाकण घट्ट असेल आणि पाणी तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढले जात असेल तर स्वच्छ भांड्यातले पाणी दुसऱ्या दिवशीही पिता येते. भांडी, कपडे आणि फरशीसाठी तर त्याहून जुने पाणी चालते. खरी मर्यादा डास घालतात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते म्हणूनच. त्या दिवशी भांडी रिकामी करून घासायची असतात. पण रिकामे होणारे पाणी फरशी पुसायला, संडासात किंवा झाडांना गेले तर कोरडा दिवसही पाळला जातो आणि हंडाही वाया जात नाही.

हे चक्र मुळापासून तोडता येते, हे सातारा जिल्ह्यात कराडला खेटून असलेल्या मलकापूरने दाखवले आहे. या लहानशा गावाने पंधराहून अधिक वर्षांपूर्वीच चोवीस तास पाणी देणारी योजना राबवली. जुन्या वाहिन्या बदलल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि जास्त वापराला चढता दर लावला. चोवीस तास नळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी, अशी भीती असे पाऊल उचलताना सगळीकडेच व्यक्त होते. मलकापुरात माणशी वापर उलट कमी झाला. पाणी केव्हाही मिळणार असेल तर साठवायचे कशाला, आणि साठवलेच नाही तर ओतून कशाला द्यायचे? पाणी आल्याचे कळावे म्हणून उघडे ठेवलेले नळही बंद झाले. शिवाय नळ सतत दाबाखाली राहिल्याने बाहेरचे सांडपाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जात नाही. ठरावीक वेळी पाणी सोडणाऱ्या शहरांत पहिली दहा मिनिटे येणारे गढूळ पाणी लोक सोडून देतात, त्याचे एक कारण हेच असते.

तिसरी रचना गच्चीवरची. पुण्यासारख्या शहरांत सौर बंब सर्रास दिसतात, आणि विजेच्या दृष्टीने ते उत्तमच आहेत. पण बंब गच्चीवर आणि न्हाणीघर तीन-चार मजले खाली असेल तर मधल्या पाइपात रात्रभर गार झालेले पाणी उभे असते. आतून दोन सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे साधारण ०.३ लिटर पाणी मावते. पंचवीस मीटर पाइप असेल तर गरम पाणी येण्याआधी आठ लिटर गार पाणी बाहेर पडणार. घरातल्या चौघांच्या आंघोळी तासातासाच्या अंतराने झाल्या आणि मधल्या काळात पाइप पुन्हा गार झाला, तर सकाळी बत्तीस लिटर नुसते वाट पाहण्यात जातात. आंघोळी लागोपाठ उरकल्या तर आठच. पाइपावर उष्णतारोधक आवरण चढवले आणि सुरुवातीचे गार पाणी बादलीत धरून ठेवले, तर तेही वाया जात नाही.

पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रांनी घरात आणखी एक गळती आणून ठेवली आहे. आरओ यंत्रात दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलले जाते. क्षार पडद्याच्या अलीकडे राहतात आणि ते धुऊन नेण्यासाठी बरेच पाणी बाहेर सोडावे लागते. घरगुती यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर असे बाहेर जाणे सामान्य आहे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी प्यावे लागणाऱ्या घरांना हे यंत्र खरोखर लागते. पण मुंबईच्या तलावांचे पाणी मुळात कमी क्षारांचे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओला मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. अशा ठिकाणी अतिनील किरणांचे यंत्र पुरते, आणि त्यातून पाणी फुकट जात नाही.

देशातले ८० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला लागते. मग घरातल्या बादलीचा एवढा काथ्याकूट कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उसाच्या मळ्याला दिलेले पाटाचे पाणी फ्लशच्या बटणाने भरून निघणार नाही, हे लातूरकरांइतके कोणाला ठाऊक असेल? पण शहराला मिळणारे पाणी दूरच्या कोणाच्या तरी वाट्यातून येते. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाण्याची दुसरी बाजूही आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी जवळपास ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२ हजार दशलक्ष लिटरांहून अधिक सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती जेमतेम २० हजार दशलक्ष लिटरांवर. उरलेले नदीत जाते, आणि खालच्या गावाला तेच उपसून प्यावे लागते. घरात न वापरलेला प्रत्येक लिटर या दोन्ही टोकांना वाचतो.

टंचाईच्या टोकाला घरे किती बदलू शकतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनने २०१८ मध्ये दाखवले. सलग तीन वर्षांच्या अवर्षणानंतर १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. नळ बंद पडण्याच्या संभाव्य दिवसाला ‘डे झीरो’ म्हटले गेले. आंघोळीचे पाणी बादलीत धरून फ्लशला वापरणे घरोघरी सुरू झाले. कोणती घरे मर्यादेत आहेत ते महापालिकेने नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी जाहीर केले. शहराचा रोजचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आला आणि तो दिवस टळला. श्रेय एकट्या शहरवासीयांचे नव्हते. शेतकऱ्यांनी आपल्या बंधाऱ्यांतले पाणी शहरासाठी सोडले, शेतीचा वाटाही कापला गेला, आणि पुढे पाऊसही आला. त्याच शहराच्या कडेच्या वस्त्यांत सार्वजनिक नळावर रांगा लावणारी हजारो कुटुंबे मात्र आधीपासूनच त्या मर्यादेच्या आत जगत होती.

बेंगळुरूने मार्च २०२४च्या टंचाईत नेमक्या रचनेवर बोट ठेवले. व्यापारी आस्थापने आणि मोठ्या निवासी संकुलांना नळांवर एरेटर बसवणे बंधनकारक केले गेले. नळाच्या तोंडाशी बसणारी ही छोटी जाळी पाण्यात हवा मिसळते. धार भरलेली दिसते, पण मिनिटाला दहा-बारा लिटरऐवजी चार-पाच लिटरच पाणी पडते. हात धुताना आणि भांडी विसळताना निम्म्याहून जास्त पाणी वाचते. बादली भरायच्या नळावर मात्र तिचा उपयोग नाही. बादली तेवढीच भरायची असते, फक्त वेळ जास्त लागतो.

घरातली गळती शोधायला यंत्र लागत नाही. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी, दिवसाला वीस लिटरांहून जास्त पाणी घालवतो; बहुतेक वेळा दहा-वीस रुपयांचा वॉशर बदलला की तो थांबतो. न दिसणारी गळती जास्त महाग पडते. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पहिला नळ उघडण्याआधी पुन्हा पाहावा. सोसायटीत घरटी मीटर नसेल तर रात्री उशिरा घराचा मुख्य कॉक पाच मिनिटे बंद करून पुन्हा हळूच उघडावा आणि पाइपाला कान लावावा. आत कुठे पाणी वाहत असेल तर सळसळ ऐकू येते. मग फ्लशच्या टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकून अर्धा तास कोणी बटण दाबू नये. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर झिजलेला आहे. मिनिटाला पन्नास मिलिलिटरची अशी मूक गळती दिवसाला ७२ लिटर नेते, म्हणजे एका माणसाच्या १३५ लिटरांतले निम्म्याहून जास्त.