रजईत बर्फ ठेवला तर?

ए दोस्त, जरा जवळ ये. एक कोडं आहे.

फ्रीजमधून बर्फाचे दोन खडे काढ. दोन वाट्यांत ठेव. एक वाटी ओट्यावर राहू दे. दुसरी रजईत मस्त गुंडाळ, आजी तुला गुंडाळते ना, अगदी तशी! आता सांग, आधी कुठला बर्फ वितळेल?

“सोप्पंय! रजईतला. रजई गरम असते ना!”

चूक! आधी वितळेल ओट्यावरचा. रजईतला बर्फ मात्र बराच वेळ ऐटीत बसून राहील. बर्फवाला लादीवर भुसा टाकून ती पोत्यानं का झाकतो? बर्फाला थंडी वाजते म्हणून? छे! त्याला गुपित ठाऊक आहे. रजई गरम नसतेच मुळी!

हे गुपित मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र एका तंबूत, कुडकुडताना!

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात माझ्या मामांचं शेत आहे. बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. तिथं हिवाळ्यात हरभरा डोलायला लागला की रात्री पाहुणे येतात. कोण? रानडुकरं आणि रोही! रोही म्हणजे नीलगाय. एका रात्रीत अख्खं वावर फस्त करतात. म्हणून शेतकरी रात्रभर राखण करतात. त्याला म्हणतात जागल.

मामा जागलीला मचाणावर झोपतात. मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा मामेभाऊ त्यांच्याबरोबर गेलो. भावानं नवाकोरा निळा तंबू आणला होता. आम्ही दोघे मोठे घोडे, पण उत्साह तुझ्याएवढाच!

तुला वाटेल, वर्ध्यात कसली आलीय थंडी? उन्हाळ्यात तर पारा ४५ अंशांच्या पुढे पळतो! पण हाच वर्धा जानेवारीत रात्री कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. मोकळ्या वावरात तर दात अशी टकटक करतात की टाइपरायटर परवडला.

आम्ही दोन रजया पांघरल्या. तरी पाठ गार! तिसरी घेतली. तरीही पाठ गारच! मचाणावरून मामांचा आवाज आला, “काहून बे, थंडी वाजून रायली का? वरतून कितीक घ्यान? खाली आंथरा ना आधी!”

आणि त्यांनी काय आणलं असेल, ओळख पाहू? सोयाबीनचं कुटार! म्हणजे दाणे काढून उरलेला भुसा, गुरांचा खाऊ. तो जाडजूड पसरला, वर पोती टाकली, त्यावर सतरंजी. पाचच मिनिटांत पाठ उबदार! (कुटार पोत्यातून टोचतं बरं का. रात्रभर पाठ खाजवावी लागली, ते वेगळं.)

असं का झालं? सकाळी शाळेत फरशीवर अनवाणी पाय ठेव. ईईई, गार! आता शेजारच्या सतरंजीवर ठेव. बरं वाटलं ना? पण गंमत ऐक. रात्रभर एकाच खोलीत असलेली फरशी आणि सतरंजी दोघी अगदी सारख्याच थंड असतात! मग फरक कशाचा? फरशी तुझ्या पायातली ऊब भराभरा ओढून घेते. सतरंजी आळशी आहे, हळूहळू घेते. ओलसर जमीनही फरशीसारखीच हावरट. आणि रजई पाठीखाली घेतली तरी ती आपल्या वजनानं पापडासारखी चपटी होते. ती बिचारी काय अडवणार!

मग ऊब येते तरी कुठून? तुझ्यातून! शेगडी तूच आहेस! मोठा माणूस नुसता झोपला असला तरी त्याच्या अंगातून ७०-८० वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर पडत असते. आताचा एलईडी नव्हे हं, आजोबांच्या काळातला पिवळा बल्ब, हात लावला की चटका देणारा. जेवलेली भाकरी आणि गूळ-शेंगदाणे हे त्या बल्बचं वीजबिल!

रजईचं काम एकच. ऊब पळू लागली की दारात आडवं उभं राहायचं. आतली बाहेर जाऊ द्यायची नाही, बाहेरची आत येऊ द्यायची नाही. म्हणून रजईत तू गरम राहतोस किंवा राहतेस, आणि बर्फ थंड राहतो!

आता यापेक्षा भारी गोष्ट सांगू? कुटारासारख्याच काडांनी पूर्वी आपल्या देशात बर्फ बनवत! खरंच! फ्रीज नव्हता, वीज नव्हती. १७७५ साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं ही कृती लिहून ठेवली. अलाहाबादजवळ मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे. त्यात उसाची नाहीतर मक्याची वाळकी ताटं अंथरायची. वर मातीची उथळ भांडी, त्यात थोडंसं पाणी. निरभ्र रात्री ती तशीच ठेवायची. पहाटे बघावं तर भांड्यात बर्फ! आसपासच्या डबक्यांतलं पाणी मात्र तसंच, पातळ!

ही काय जादू? स्वच्छ रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडे उधळत असते. ढग असले तर ते त्यातली बरीच परत धाडतात. नसले तर गेली ती गेली! पाणीही असंच गार गार होत जातं. जमीन खालून ऊब द्यायला बघते, पण मध्ये ताटं आडवी! तिथं ताटांनी जमिनीची ऊब पाण्यापर्यंत पोचू दिली नाही. आमच्याकडे कुटारानं आमची ऊब जमिनीपर्यंत पोचू दिली नाही. काम तेच!

पण काडांत आणि कापसात असं असतं तरी काय? हवा! नुसती हवा! पिंजारीकाकांना काम करताना पाहिलंयस? धनुष्यासारख्या पिंजणाची तार ट्वंग ट्वंग वाजते आणि जुन्या रजईतला दबलेला कापूस फुलून ढग होतो. मग तीच रजई पुन्हा उबदार! कापूस मात्र तेवढाच. उलट धूळ उडाल्यानं वजन थोडं कमीच! वाढली ती हवा, कापसाच्या तंतूंत अडकून पडलेली. वर्गाबाहेर मोकाट सुटलेली हवा वारा होऊन ऊब पळवते. बाकावर गप्प बसवलेली हवा ऊब राखते. थंडीत चिमणी फुगून गोटी होते ना, तीही पिसांत हवाच अडकवत असते!



आता भावाची फजिती. संध्याकाळी हरभऱ्याला ओलित करताना त्याचे मोजे भिजले. हा तसाच झोपला! थोड्याच वेळात पायांचे दगड. माठातलं पाणी गार कसं होतं, माहितीय? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना ऊब घेऊन जातं. भावानं पायांचे दोन माठ करून ठेवले होते! शिवाय, थांबलेल्या हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं पाणी ऊब ओढतं. कोरडे मोजे घातले आणि स्वारी घोरू लागली.

त्याआधी तो एकदा म्हणाला होता, “शेगडीच घेऊ ना तंबूत!” एरवी हसणारे मामा एकदम ओरडले, “बिलकुल नाही!” हे नीट ऐक हं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजनला बसायची बाकं असतात. हा घुसखोर तीच बाकं अडवतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो! झोपलेल्याला कळतही नाही आणि जीव जातो. म्हणून शेकोटी, शेगडी बाहेरच. तंबूत नाही, बंद खोलीतही नाही.

मग आम्ही काय केलं? ऊब जाऊ नये म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या, सगळ्या चेन बंद! वा रे हुशारी!

पहाटे नाकावर थेंब. टप! मग कानावर. टप! पाऊस? बाहेर तर चांदणं! हा पाऊस कुणी पाडला, सांग बरं?

आम्हीच! एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात ग्लासभर तरी पाणी बाहेर पडतं. दोघांचे झाले दोन ग्लास! ती वाफ तंबूच्या गार कापडाला लागली आणि पाणी झाली, भाताच्या झाकणाला आतून थेंब येतात तसं. रजया दमट, आम्ही गारठलेले!

दुसऱ्या रात्री वरची खिडकी थोडी उघडी ठेवली. गार हवा आली, वाफ निघून गेली, रजया कोरड्या राहिल्या. खिडकी उघडून उबदार झोपलो, बोल!

अरे हो, ती रजईतली वाटी! आत्ताच्या आत्ता काढ. उशिरा का होईना, बर्फ वितळतोच. आणि आजीनं ओल्या रजईबद्दल विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस!