तिकीट बॅगेत, बॅग क्योतोत!

दोस्तांनो, ही गोष्ट माझ्या फजितीची आहे. पण ती वाचून तुमचा प्रवास सुखाचा होणार असेल, तर सांगायला काय हरकत आहे?

आम्ही चौघं जपानला गेलो होतो. मी, माझी बहीण, तिचे यजमान आणि सहावीत शिकणारी माझी भाची. टोकियोहून क्योतोला जायचं होतं, तेही शिंकान्सेननं. शिंकान्सेन म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका या शहरांदरम्यान ती पहिल्यांदा धावली. आज या मार्गावर ती ताशी २८५ किलोमीटरपर्यंत वेग घेते आणि सुमारे सव्वादोन तासांत क्योतोला पोचवते.

सकाळी मोठ्या ऐटीत स्टेशनवर पोचलो. हात मोकळे, पाठीवर फक्त छोट्या सॅक. फाटकाशी आल्यावर मी पर्स उघडली आणि पोटात गोळाच आला. तिकिटं नाहीत!

भाची हळूच म्हणाली, "मावशी, तिकिटं नीट राहावीत म्हणून काल तू ती निळ्या बॅगेत ठेवलीस ना?"

ठेवली होती खरी. आणि निळी बॅग? ती आमच्या आधीच क्योतोला निघून गेली होती!

बॅगेचा वेगळा प्रवास

बॅग एकटी कशी गेली, असं विचाराल. त्याला जपानमध्ये 'ताक्क्यूबिन' म्हणतात. यामातो या कंपनीनं १९७६ साली ही सेवा सुरू केली. पिल्लाला तोंडात धरून निघालेली काळी मांजर ही तिची खूण. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची आणि फॉर्मवर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, आपलं नाव आणि मुक्कामाची तारीख लिहायची. टोकियोहून क्योतोला बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. पैसे बॅगेच्या आकारावर आणि अंतरावर ठरतात.

हे का करायचं? तर आपल्याकडच्यासारखे लाल डगल्यातले हमाल तिथे दिसत नाहीत. मधल्या बऱ्याच स्टेशनांवर गाडी जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात उतरायचंही आणि बॅगा उतरवायच्याही. म्हणून मोठं ओझं आधीच पुढे पाठवलेलं बरं. पण पासपोर्ट, पैसे, औषधं आणि तिकिटं मात्र आपल्याजवळच हवीत. नेमकं हेच मी विसरले.

टेप घेऊन या पाहू

बॅग बरोबरच न्यायची असेल तर आधी थोडं गणित करावं लागतं. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मोजा आणि तिन्हींची बेरीज करा. समजा, ७५ अधिक ५० अधिक ३०. झाले १५५ सेंटिमीटर. बेरीज १६० पर्यंत असेल, तर काही काळजी नाही. ८०, ५५ आणि ३५ असेल, तर १७० होतात. मे २०२० पासून या मार्गावर १६० ते २५० सेंटिमीटरच्या बॅगेसाठी खास जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. त्याचे जादा पैसे पडत नाहीत. न राखता बॅग आणली, तर मात्र १,००० येन भरा! आणि २५० च्या वरची बॅग गाडीत नेताच येत नाही.

फाटक आणि तिकीट

मेट्रोच्या स्टेशनवर फाटकं असतात, तशी तिथेही असतात. कागदी तिकीट यंत्राच्या फटीत घालायचं. ते सुर्रकन आत जातं आणि पुढच्या टोकाला वर येतं. ते उचलायला विसरायचं नाही, बरं का! कारण उतरल्यावर बाहेर पडतानाही तेच लागतं. शेवटच्या फाटकात मात्र यंत्र ते ठेवून घेतं.

बहुधा तिकिटं दोन असतात. एक प्रवासभाड्याचं, दुसरं जलद गाडीच्या जादा आकाराचं. दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायची. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट पडतं. पण अर्धं असलं तरी ते स्वतःचं स्वतःच घालायचं असतं. आई सगळ्यांचं एकदम घालेल, असं तिथे चालत नाही.

पुढे काय झालं?

नवी तिकिटं काढावी लागली. मोठ्या माणसाचं एकेक तिकीट सुमारे १४,००० येन! सुट्टीचे दिवस होते, गाड्या भरलेल्या. एकत्र जागा मिळाल्या त्या थेट दुपारच्या गाडीत. क्योतोला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथलं २०१६ साली उघडलेलं रेल्वे संग्रहालय भाचीला पाहायचं होतं. तिथे वाफेची जुनी इंजिनं आहेत. ते बंद झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला पहाटेच निघायचं होतं. ती एका शब्दानं बोलली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

निळी बॅग मात्र हॉटेलात शहाण्यासारखी आमची वाट पाहत उभी होती! आतल्या तिकिटांपैकी प्रवासभाड्याचे पैसे थोडी कपात होऊन परत मिळाले. गाडी निघून गेल्यामुळे जादा आकाराचे पैसे बुडाले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झालाय. निघायच्या आदल्या रात्री ज्याचं तिकीट त्याच्या हातात. बॅगेचं कुलूप लावण्याआधी भाची मोठ्यानं विचारते, "तिकिटं दाखवा!" मग आम्ही तिन्ही मोठी माणसं शाळेतल्यासारखे हात वर करून तिकिटं दाखवतो.

तुम्ही पुढच्या सुट्टीत जपानला जा नाहीतर रत्नागिरीला, घरातलं हे काम तुम्ही मागून घ्या. आई-बाबा नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच, तर त्यांना माझी फजिती वाचून दाखवा!