दारूचा थेंबही न घेता स्वादुपिंडाला सूज

वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या पोटात वरच्या बाजूला, थेट पाठीत जाणारी कळ वारंवार येते. तपासणीत स्वादुपिंडात खडे दिसतात. ‘क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस’ हे नाव कानावर पडताच नातेवाईक विचारतात, ‘पितो का हा?’ दारू हे या आजाराचं मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही. आपल्या देशात तरुणपणी हा आजार जडलेल्या अनेकांनी दारूला हातही लावलेला नसतो. दुखण्याबरोबर त्यांना संशयही सोसावा लागतो, हा अन्याय आहे.

प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होतं आणि लहान आतड्यात पोचल्यावर कामाला लागतं. थोडंफार आतच सक्रिय झालं, तर स्पिंक-१ जनुकापासून बनणारं प्रथिन त्याला रोखून धरतं. हा अटकाव कमी पडला की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

‘आजार जनुकीय, म्हणजे आईला किंवा वडिलांना असणारच,’ असंही ठामपणे बोललं जातं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी शोधलेल्या पीआरएसएस-१ जनुकातल्या दोषाबाबत ते बरंचसं खरं आहे. तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते आणि ज्यांच्याकडे जातो त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के लोकांना आजार होतो. पण भारतीय रुग्णांत हा दोष क्वचितच सापडतो. आपल्याकडे जास्त आढळतो तो स्पिंक-१ मधला एन३४एस हा बदल. दारूशी संबंध नसलेल्या भारतीय रुग्णांच्या काही अभ्यासांत तो ४० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत दिसला. निरोगी लोकांतही तो थोड्या प्रमाणात असतो आणि तसा बदल बाळगणाऱ्या शंभरातल्या एकालाही सहसा हा आजार होत नाही. म्हणून घराण्यात कुणाला नसताना मुलाला आजार होऊ शकतो आणि त्याच्याच भावाकडे तोच बदल असूनही भाऊ ठणठणीत राहू शकतो. सीएफटीआर किंवा सीटीआरसी या जनुकांतले बदल, सिगारेट, दारू अशी आणखी भर पडली की धोका वाढतो.

केरळात हा आजार बराच दिसे, तेव्हा तिथल्या रोजच्या जेवणातल्या टॅपिओकावर अनेक वर्षं ठपका होता. आपला उपासाचा साबुदाणाही त्याच कंदाचा. मात्र टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हाच आजार आढळला आणि पुढच्या अभ्यासांत तो आरोप टिकला नाही.

जनुक चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून आजार खोटा ठरत नाही, कारण सगळे बदल अजून ओळखता आलेले नाहीत. आणि ‘जनुकातच आहे, मग पथ्य कशाला?’ हा समज तर सर्वांत घातक. धूम्रपानाने आजार वेगाने वाढतो. पीआरएसएस-१ चा दोष असलेल्यांना पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच, सिगारेटने तो आणखी चढतो. बिडी-सिगारेट आणि दारू पूर्ण बंद ठेवावी, डॉक्टरांनी दिलेल्या एन्झाइमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्याव्यात आणि रक्तातली साखर दरवर्षी तपासून घ्यावी. हा आजार अनेकांना पुढे मधुमेहाकडे नेतो.