सुरक्षा प्रमाणपत्रे आणि सार्वजनिक संकेतस्थळांची उपलब्धता

शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, प्राप्तिकराचे विवरणपत्र अशा अनेक सेवा आज संकेतस्थळांवरून दिल्या जातात. सर्व्हरवर नवे सुरक्षा प्रमाणपत्र बसविल्यानंतर असे संकेतस्थळ उघडेनासे झाले, तर त्याची किंमत मुदतीच्या अखेरच्या दिवशी अर्जदाराला मोजावी लागते. त्यामुळे वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न सार्वजनिक सेवेच्या गुणवत्तेशी निगडित आहे.

प्रमाणपत्राचे कार्य

विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. या माहितीच्या विषमतेमुळे बाजारपेठ कशी कोलमडते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. इंटरनेटवरही समोरचे संकेतस्थळ खरे की बनावट, हे नागरिकाला स्वतः पडताळता येत नाही. ही उणीव प्रमाणन प्राधिकारी भरून काढतो. संकेतस्थळाचे नाव, सार्वजनिक किल्ली व मुदत यांवर तो आपली अंकीय स्वाक्षरी करतो. मूळ प्राधिकारी, मध्यवर्ती प्राधिकारी आणि संकेतस्थळ अशी ही विश्वासाची साखळी असते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक हे पद निर्माण करण्यात आले.

दोषांचे निदान

प्रमाणपत्र बसविल्यानंतर उद्भवणाऱ्या अडचणींचे तीन गट पडतात.

१) जोडणीच न होणे : सुरक्षित वाहतूक पोर्ट ४४३ वरून होते. फायरवॉलमध्ये ते बंद असल्यास ब्राउजर ताटकळत राहतो. सर्व्हरवरील खासगी किल्ली प्रमाणपत्राशी जुळत नसेल, तर वेब सेवा सुरूच होत नाही. म्हणून प्रथम पोर्ट आणि सर्व्हरच्या दोषनोंदी तपासाव्यात.

२) जोडणी होऊनही विश्वास नाकारला जाणे : मुदत संपलेली असणे किंवा नाव न जुळणे ही नेहमीची कारणे होत. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याविना लिहिलेली नावे भिन्न मानली जातात. दोन्हींचा उल्लेख प्रमाणपत्रात हवा. मध्यवर्ती प्रमाणपत्र बसवायचे राहून गेल्यास कार्यालयातील संगणकावर संकेतस्थळ उघडते, मात्र नागरिकाच्या मोबाइलवर उघडत नाही. कारण काही ब्राउजर तुटलेला दुवा स्वतः मिळवितात, काही मिळवीत नाहीत. म्हणून चाचणी अनेक उपकरणांवर घेणे आवश्यक ठरते. दोष केवळ एकाच वापरकर्त्याला जाणवत असल्यास त्याच्या उपकरणातील दिनांक चुकीचा असण्याची शक्यता असते.

३) पृष्ठ अपूर्ण उघडणे किंवा फिरत राहणे : पृष्ठातील काही घटक जुन्या, असुरक्षित पत्त्यांवरून येत असल्यास ब्राउजर ते रोखतो. सुरक्षित पत्त्याकडे वळविण्याचे नियम परस्परविरोधी असल्यास तेच पृष्ठ पुनःपुन्हा मागविले जाते.

२०१४ चा धडा

साखळीतील वरचा दुवा सदोष असेल, तर सर्व्हरवरील काटेकोर व्यवस्थाही अपुरी पडते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यवर्ती प्रमाणपत्रे रद्द केली. भारताचे मूळ प्रमाणपत्र तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या विश्वसनीय यादीत होते; फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत नव्हते. एकच प्रमाणपत्र एका ब्राउजरला मान्य आणि दुसऱ्याला अमान्य का ठरते, याचे उत्तर या याद्यांमध्ये आहे.

नूतनीकरणाचे आव्हान

प्राधिकारी आणि ब्राउजर निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने घटविण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस अशी मर्यादा ठरली. वर्षातून एकदा हाताने करावयाचे काम यामुळे वारंवार करावे लागेल. स्वयंचलित नूतनीकरण आणि मुदतीपूर्वीची सूचना यांची तरतूद नसलेल्या कार्यालयांत सेवा खंडित होण्याचा धोका वाढेल.

समारोप

सेवा अडली की 'इशारा दुर्लक्षून पुढे जा' असा सल्ला नागरिकांना सर्रास दिला जातो. तो घातक आहे. खऱ्या संकेतस्थळावर इशारा डावलण्याची सवय लागलेला नागरिक बनावट संकेतस्थळावरही तसाच पुढे जातो. अंकीय प्रशासनाचा पाया विश्वास हा आहे. तो टिकविण्यासाठी प्रमाणपत्र बसविण्याइतकेच त्याची चाचणी, देखरेख आणि वेळेवर नूतनीकरण यांना महत्त्व दिले पाहिजे.