हायड्रोजनच्या स्पोर्ट्स कारचं दुखणं रेडिएटरमध्ये

जुलै २०२२ मध्ये ह्युंदाईने ‘एन व्हिजन ७४’ नावाची एक संकल्पना कार दाखवली. कोनाकोनांची, बुटकी, जॉर्जेटो जुजारो या इटालियन डिझायनरच्या १९७४ सालच्या ‘पोनी कूपे’वरून बेतलेली. मोटारप्रेमी तिच्यावर लट्टू झाले यात नवल नाही. टाकीत ४.२ किलो हायड्रोजन, पल्ला ६०० किलोमीटरहून जास्त, वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे. पण मला तिच्या माहितीपत्रकातले दोन वेगळेच आकडे जास्त बोलके वाटतात. मागची चाकं फिरवणाऱ्या दोन मोटारींची एकत्रित ताकद ५०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ६८० हॉर्सपॉवर. आणि फ्युएल सेलची ताकद? अवघी ८५ किलोवॉट. बाकीचा सगळा जोर ६२.४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीचा. जिला आपण कौतुकाने हायड्रोजनची कार म्हणतो, ती भरधाव सुटते तेव्हा सहातला जेमतेम एक हिस्सा हायड्रोजनचा असतो.

यात लबाडी काही नाही. फ्युएल सेलचा स्वभावच तसा आहे.

विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये दाखवलेली मूळ कल्पना साधी आहे. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. आजच्या मोटारीतल्या सेलमध्ये या दोघांच्या मधे केसाहून पातळ असं पॉलिमरचं पटल असतं. प्लॅटिनमच्या बारीक कणांवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना मात्र बाहेरून वळसा घ्यावा लागतो. त्या वळशातच मोटार जोडलेली असते. पलीकडे तिघांची गाठ पडली की पाणी तयार होतं, एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो. काम करत असताना असा एक सेल जेमतेम पाऊण व्होल्टच्या आतच वीज देतो, म्हणून शेकडो सेल एकाला एक लावून गठ्ठा करावा लागतो. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या ‘मिराई’त ३३० सेल आहेत आणि त्यांची ताकद १२८ किलोवॉट. मिराई आरामशीर सेडान आहे. ताशी शंभरचा वेग गाठायला तिला नऊएक सेकंद लागतात आणि त्याबद्दल तिच्या मालकांची तक्रारही नसावी.

स्पोर्ट्स कारच्या चालकाला नऊ सेकंद परवडत नाहीत. त्याने पाय दाबला की गाडीने तत्क्षणी उसळी घेतली पाहिजे. इथे पहिली अडचण हवेची. हायड्रोजन टाकीतून स्वतःच्या दाबाने धावत येतो, पण हवा कंप्रेसरने ढकलावी लागते आणि कंप्रेसरला वेग धरायला वेळ लागतो. तेवढ्यात सेलची उपासमार होते, व्होल्टेज घसरतं. वारंवार अशी ओढाताण झाली की प्लॅटिनमचा थर लवकर म्हातारा होतो. मधे बॅटरी घातली की हे दुखणं बरंचसं मिटतं.

दुसरी अडचण मात्र बॅटरीने मिटत नाही, फक्त झाकली जाते. ती उष्णतेची. पूर्ण ताकदीवर चालताना फ्युएल सेल हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा साधारण अर्धा भाग वीज म्हणून देतो, उरलेला अर्धा उष्णता. पेट्रोल इंजिन तर याहून उधळं. पण त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा लालबुंद होणाऱ्या एक्झॉस्टमधून आपसूक बाहेर पडतो. फ्युएल सेलचा एक्झॉस्ट म्हणजे कोमट, दमट हवा. त्यातून फारसं काही जात नाही, जवळजवळ सगळा भार रेडिएटरवर येतो. त्यात हे पटल ओलं असलं तरच प्रोटॉन वाहून नेतं, म्हणून सेलचं तापमान ८० अंशांच्या आसपास रोखून धरावं लागतं. बाहेर ४० अंश असतील तर रेडिएटरला उष्णता टाकायला फरक मिळतो ४० अंशांचा. पेट्रोल इंजिनचं शीतक ११० अंशांपर्यंत चढू शकतं, तिथे हाच फरक ७० होतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला फ्युएल सेलला जवळपास पावणेदोनपट मोठा रेडिएटर हवा. ५०० किलोवॉटचा सेल बसवला तर उष्णताही तितकीच, ५०० किलोवॉट! तेवढा रेडिएटर बसवायचा तर गाडीचं नाक भिंतीसारखं उभं करावं लागेल, आणि मग वेग कसला?

म्हणून ८५ किलोवॉट. सोसायटीतला छोटा पंप दिवसभर गच्चीवरची टाकी भरत राहतो आणि सकाळी सगळे नळ एकदम सुटले तरी पाणी पुरतं, तशी ही व्यवस्था. रस्त्यावर ती उत्तम चालते, कारण हमरस्त्यावर ताशी शंभरने जायला वीसएक किलोवॉट पुरतात. शर्यतीत मात्र सरासरी मागणीच मोठी. पूर्ण जोर सलग लावला तर बॅटरीवर ४१५ किलोवॉटचा भार पडेल आणि कागदी हिशेबाने ती नऊ मिनिटांत रिकामी होईल.

मग एवढी बॅटरी वाहायचीच, तर हायड्रोजनची उठाठेव कशाला? रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपुरतं याला पटणारं उत्तर मला दिसत नाही. पाच मिनिटांत टाकी भरते हे खरं, पण भरायची कुठे? शेलने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातली मोटारींसाठीची आपली हायड्रोजन केंद्रं बंद केली. ‘भरणं’ही वाटतं तितकं सोपं नाही. ७०० बारच्या दाबाने झपाट्याने भरताना टाकी तापते, म्हणून गॅस आधी उणे ४० अंशांच्या आसपास थंड करतात आणि कधीकधी नोझल बर्फाने गाडीला चिकटून बसतं.

उत्तर असेल तर ते दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत. चोवीस तासांत चार्जिंगसाठी थांबायला कोणाला वेळ आहे? ल मान्सच्या आयोजकांनी ग्रीनजीटी या कंपनीबरोबर २०१८ मध्ये फ्युएल सेलची शर्यतीची गाडी पुढे आणली. हायड्रोजनच्या स्वतंत्र गटाचा मुहूर्त आधी २०२४ होता, तो सरकत २०२८ वर गेला. मधल्या काळात त्यांनी हायड्रोजन थेट जाळणाऱ्या इंजिनांनाही दार उघडलं. टोयोटाने तर २०२१ मध्येच फुजीच्या २४ तासांच्या शर्यतीत हायड्रोजन जाळणारी कोरोला उतरवली होती, २०२३ मध्ये तीच उणे २५३ अंशांच्या द्रव हायड्रोजनवर धावली. जाळण्यात कार्यक्षमता कमी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं पदरात पडतात. पण उष्णता एक्झॉस्टमधून निघून जाते. इंजिनाच्या आवाजाचं कौतुक बरंच होतं. माझ्या मते खरं आकर्षण उष्णता अशी आपसूक निघून जाण्याचं आहे.

फ्युएल सेलवाल्यांची भिस्त जास्त तापमान सोसणाऱ्या पटलांवर आहे. सेल १२० अंशांवर चालला तर तो ४० अंशांचा फरक थेट ८० होईल. फॉस्फोरिक आम्ल मुरवलेली पटलं त्याहूनही गरम चालतात, पण ती तापायला वेळ घेतात आणि तेवढ्याच आकारात ताकद कमी देतात. पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळांनी २०२० मध्ये १० किलोवॉटचा सेल मोटारीत बसवून चाचणी घेतली, तोही ६५ ते ७५ अंशांवर चालणाराच होता.

हे कोडं सुटलं तर पहिला फायदा बहुधा मालट्रकला होईल. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या, काही फ्युएल सेलचे, काही इंजिनाचे; मुंबई-पुण्याच्या आसपासचे मार्गही त्यात आहेत. स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरला निदान सुसाट वारा तरी मिळतो. भरलेला ट्रक मे महिन्यात बोरघाट चढतो तेव्हा जोर पूर्ण आणि वारा जवळपास शून्य.